टायमर धरणारा माणूस

"बघा," ती म्हणाली आणि पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे ठेवून तिने ते सासूबाईंच्या पुढ्यात धरलं.

सासूबाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि पिस्तुलाच्या उघड्या पोटात डोकावून पाहिलं. मग करंगळी आत घालून चाचपलं.

"रिकामं."

"नीट बघितलंत ना?"

"बोट घालून सांगतेय गं. डोळ्यांवर विश्वास ठेवायचं वय गेलं माझं."

हा नियम तिच्या नवऱ्याने घातलेला. घरात सराव करायचा तर खोलीत एकही काडतूस नको, आणि पिस्तूल रिकामं असल्याचं दुसऱ्या कोणीतरी बघून मोठ्याने सांगायचं. आधी हे काम तो स्वतः करायचा. मग एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला आणि वर उठलाच नाही. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर ती पहिल्यांदा सरावाला उभी राहिली, तेव्हा न सांगता सासूबाई चष्मा घेऊन पुढे आल्या. बाहेरच्या माणसाने बघितलं असतं तर त्याला हसावं की रडावं कळलं नसतं, पण त्या घरात ते रोजचंच झालं होतं.

सोफा भिंतीला लोटलेला होता. कपाटावर, फ्रिजच्या दारावर, खिडकीच्या काचेवर तळहाताएवढी कागदी लक्ष्यं चिकटवलेली. फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा होत्या. तिची नेमबाजीची स्पर्धा दूरच्या देशात होती, आणि तिथल्या लोकांनी मैदानाचे नकाशे आधीच पाठवले होते. कुठे भिंत, कुठे दार, कुठल्या खिडकीतून कोणतं लक्ष्य दिसणार, ते सगळं तिने आपल्या बैठकीच्या खोलीत बसवलं होतं. सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या. "हिच्या नाटकाला मी एकटीच प्रेक्षक," असं म्हणायच्या, पण टीव्ही बंद करून बसायच्या.

या खेळात एका जागी उभं राहून नेम धरायचा नसतो. धावायचं असतं. खिडकीशी थांबून गोळ्या झाडायच्या, दाराकडे पळायचं, तिथून झाडायच्या, पुन्हा पळायचं. आणि नेमबाजाच्या पाठीमागे, हात लांब केला तर खांद्याला लागेल इतक्या जवळून, पंच टायमर धरून चालत असतो. टायमर वाजला की सुरुवात. एक नियम मात्र देवाच्या बापालाही चुकत नाही: पिस्तुलाचं तोंड मागे वळता कामा नये. वळलं की तिथेच खेळ खलास, बॅग भरायची आणि घरी जायचं.

घरी तिचा पंच म्हणजे नवराच. स्वतः तो जन्मभर या खेळासाठी झुरला, पण संघाच्या यादीत त्याचं नाव कधी लागलं नाही. रविवारी घरी बसून कंटाळते म्हणून बायकोला सोबत न्यायला लागला, आणि बायकोने बघता बघता त्यालाच मागे टाकलं. दुसरा कोणी असता तर तोंड फुगवून बसला असता. हा हसला आणि टायमर हातात घेऊन, घरातल्या सपाता फटफटवत तिच्या मागे चालायला लागला. ती घाई करायची, नेम बसायच्या आधीच पाय उचलायची. मग मागून त्याचा आवाज यायचा, "थांब गं. आधी बघ, मग पळ."

तो गेल्यावर ती टायमर टेबलावर ठेवायची. बटण दाबलं की तो लगेच वाजत नाही. माणसाने आधीच हात हलवू नये म्हणून थोडा वेळ गप्प राहतो. एका संध्याकाळी त्या गप्प वेळात तिच्या मागे कोणीतरी घसा खाकरला. अगदी हळू, बैठकीत बोलायच्या आधी माणसं खाकरतात तसा. सासूबाई असतील असं तिला वाटलं, पण सासूबाई समोर दाराशी बसलेल्या दिसत होत्या. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ती वळली नाही. इतक्या वर्षांची सवय होती, मान ताठ राहिली. टायमर वाजला, हातांनी आपलं काम केलं. कपाटापासून ती खिडकीकडे पळाली, आणि तिच्या मागे अर्ध्या पावलावर सपाता फरशीवर फटफटत आल्या.

"थांब गं. आधी बघ."

तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मगच वळली. मागे भिंत होती, छत्री अडकवायची खुंटी होती आणि दुसरं काही नव्हतं. तिने सासूबाईंकडे बघितलं. त्या ताठ बसल्या होत्या, खुर्चीचे हात घट्ट धरून.

"पुन्हा कर," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"सगळंच. पहिल्यापासून कर."

तेव्हापासून रोज हेच चाललं होतं. दोघींपैकी कोणीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त सासूबाई आता सरावाच्या आधी केस विंचरायला लागल्या, धुतलेले कपडे घालायला लागल्या. ती कामावरून यायची तेव्हा त्या खुर्चीत बसलेल्याच असायच्या.

तिचं काम कवळ्या बनवायचं. दातांच्या प्रयोगशाळेत दिवसभर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे समोर मांडून ती त्यांना दात बसवायची. फळीवर जबड्यांच्या रांगा असायच्या, सगळे आ वासून. नव्या माणसाला तिथे एकट्याने बसवत नसे, तिला मात्र कधी भीती वाटली नव्हती. रजेचा विषय काढला तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, "तुम्ही परदेशात गोळ्या घालणार, आणि इथे लोकांनी काय पेज पिऊन राहायचं?" पण रजा दिली. शहरात कितीतरी माणसं तिच्या हातचे दात घालून हसत होती आणि त्यातल्या एकालाही ती माहीत नव्हती. संघाची यादी ही तिच्या आयुष्यातली पहिली गोष्ट, जिच्यावर तिचं स्वतःचं नाव होतं. ती जागा तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

आणि तीच जागा हातातून निसटत चालली होती.

"ताई, खरं सांगा," मैदानावर कप्तान तिला बाजूला घेऊन म्हणाला. संघ त्याच्या ताब्यात होता आणि माणूस तोंडाचा फटकळ. "प्रत्येक खिडकीशी तुम्ही थांबता. नेम बसलेला असतो, तरी थांबता. कोणाची वाट बघता?"

"कोणाची नाही."

"परवा तुमची मान मागे गेली. मान गेली तर मी डोळेझाक करीन, पण मानेपाठोपाठ हात येतो. तिकडे आलात आणि पिस्तूल घेऊन वळलात तर तुमच्याबरोबर सगळ्या संघाची शोभा." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "राखीवमधली ती मुलगी तुमच्याहून हळू होती. आता नाही. रविवारी शेवटची चाचणी घेतो. जी जिंकेल तिचं तिकीट. मला नंतर बोल लावू नका."

त्या संध्याकाळी ती सामान भरत होती. पिस्तुलाची कुलपाची पेटी, कानावरचे संरक्षक, दोन स्वेटर. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून बघत होत्या.

"त्याचा कोट नाही घेतलास?"

तिचे हात थांबले. "त्यांचा कशाला?"

"थंडी असते म्हणतात तिकडे. त्याला सर्दी लवकर होते." सासूबाई अगदी साध्या आवाजात बोलत होत्या, भाजी काय आणायची विचारावं तशा. "तू जाणार म्हणजे तो तुझ्या मागे येणार. तुम्ही दोघं जाल. मी इथे भिंतीकडे बघत बसू का?"

आजवर न बोललेलं बोलून झालं होतं. ती सासूबाईंच्या शेजारी बसली. "आई, ते 'थांब' म्हणतात आणि माझे पाय थांबतात. रविवारी थांबले तर माझी जागा गेली."

"आणि नाही थांबलीस तर?"

"मला काय माहीत?"

"मला माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी वाढवलंय त्याला. एकदा ऐकलं नाही की रुसायचा. मग पुन्हा सांगायला यायचा नाही. तू काय करायचं ते कर. थांब म्हणून मी सांगणार नाही, आणि नको थांबूस असंही माझ्या तोंडून निघायचं नाही."

रविवारी मैदानावर वारा नव्हता. लाकडी चौकटींवर ताणलेलं कापड जराही हलत नव्हतं. राखीवमधली मुलगी आधी धावली आणि चांगली धावली. मग हिची पाळी आली. कप्तान टायमर घेऊन मागे उभा राहिला. तिने पिस्तूल भरलं, कमरेच्या पट्ट्यात ठेवलं, हात सोडले. टायमर गप्प होता. त्या गप्प वेळात मागे कोणीतरी घसा खाकरला, आणि तो कप्तान नव्हता.

टायमर वाजला. पहिल्या चौकटीतून तिने दोन्ही लक्ष्यं घेतली आणि धावली. मागे खडीवर कप्तानाचे बूट करकरत होते. त्यांच्या जोडीने सपाताही येत होत्या, फटफट करत, जणू त्यांच्याखाली खडी नव्हतीच, घरची फरशी होती. दुसरी खिडकी आली.

"थांब गं."

मैदानावर खरोखर थांबवायचं असेल तर पंच "स्टॉप" म्हणून ओरडतो, आणि तसं ओरडल्यावर जो थांबत नाही तो वेडा. "थांब गं" तिथे कोणी म्हणत नाही. जगात तिला तसं म्हणणारा एकच माणूस होता. नेम बसला होता, स्वच्छ दिसत होता. तिने चाप ओढला आणि पाय उचलला.

"अगं, थांब."

या वेळी आवाज जरा लांबून आला, धाप लागलेल्या माणसासारखा. तिचे डोळे भरून आले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने ते मिटले आणि उघडले, आणि समोरचं लक्ष्य पुन्हा दिसायला लागल्यावर झाडलं. ती दाराकडे पळाली. तिसऱ्यांदा हाक आली ती इतक्या दुरून, की शब्द कळले नाहीत, फक्त त्याची बोलायची ढब कळली. शेवटची गोळी झाडून होईपर्यंत मागे नुसते बूट उरले होते.

तिने पिस्तूल रिकामं करून दाखवलं, पट्ट्यात ठेवलं आणि मागे वळली. मागे कप्तान होता. टायमरकडे बघत तो दात काढून हसत होता.

"झालं, ताई. आज कोणाची वाट नाही बघितलीत."

तिने मान डोलावली.

घरी सासूबाई केस विंचरून खुर्चीत बसल्या होत्या.

"मिळाली?"

"मिळाली."

"कर मग."

रिकाम्या पिस्तुलाने तिने सगळा सराव पहिल्यापासून केला. टायमर वाजला, चाप टकटकला, तिचे स्वतःचे तळवे फरशीवर वाजले. सासूबाई मान पुढे काढून ऐकत होत्या.

"पुन्हा कर."

तिने पुन्हा केला. मग न सांगता आणखी एकदा केला. शेवटी तिने पिस्तूल पेटीत घालून कुलूप लावलं. "त्यांनी तीनदा हाक मारली, आई. मी थांबले नाही."

"ऐकू आली होती ना?"

"आली होती."

सासूबाईंनी खुर्चीचा हात पदराने पुसला. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"तिकडे तुझ्या मागे कोण चालणार?" त्यांनी विचारलं.

"तिकडचा पंच."

"जिवंत माणूस?"

"हो, आई."

"मग जा तू," सासूबाई म्हणाल्या.

ती स्वयंपाकघरात आली, चहाचं भांडं नळाखाली धरलं. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, अगदी हलका. "ये, बस. दमला असशील." मग उत्तराला लागतो तेवढा वेळ त्या थांबल्या. "तिच्यावर राग धरू नकोस." पुन्हा थांबल्या. तिने नळ बंद केला, श्वास रोखला आणि दुसऱ्या आवाजासाठी कान टवकारले. सासूबाईंनी आणखी काहीतरी विचारलं, आणि या वेळी त्या फार वेळ थांबून राहिल्या. खुर्ची करकरली.

"सूनबाई," त्यांनी तिथूनच सांगितलं, "चहा दोघींचाच टाक."