दहा वाजताची भिंत

भिंतीशी पोचताच चांगुणा जागच्या जागी थबकली. पंचवीस हात लांब दगडी भिंत, तिच्या सांदीसांदीत लावलेला चिनी गुलाब, आणि एकही फूल उघडलेलं नाही. काल दुपारी हीच भिंत लाल, पिवळ्या, गुलाबी रंगांनी नुसती पेटली होती. आता सगळ्या मिटलेल्या कळ्या.

“अगं बया,” ती पुटपुटली, “ही अजून झोपूनच हायेत की.”

चूक तिचीच, पण ती दुष्काळाने करायला लावलेली. दोन वर्षं झाली, रोज सकाळी टँकरच्या रांगेत घागरी लावायच्या, पाणी घरात टाकायचं आणि धावतपळत विश्रामगृहाच्या बागेत कामावर यायचं. तोवर दहा वाजून गेलेले असत. भिंत सकाळी आठला कशी दिसते, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. आज मोठे साहेब भिंत बघणार म्हणून तिने घरच्या पाण्यावरच पाणी सोडलं होतं.

लातूर जिल्हा नवा झाला, तसं विश्रामगृहही नवं झालं. हौसेने लावलेली हिरवळ पहिल्याच उन्हाळ्यात वाळून खडखडीत झाली. चांगुणाने बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली. तिला फुलांपेक्षा दगडाची ओळख जास्त. बागेच्या वरच्या अंगाची माती अडवायला रचलेल्या या भिंतीच्या सांदीत तिने सहज बोट घातलं, तर आत गारवा. न्हाणीघराचं पाणी मागच्या मातीत मुरत होतं. मग तिने काळी माती नि शेण मळून लिंबाएवढे गोळे केले, एकेका गोळ्यात एकेक फांदी खोचली आणि काडीने ते पार मागच्या मातीला भिडेपर्यंत आत सारले. चार महिन्यांत भिंत अशी काही फुलली की चांगुणा पोरीसारखी हरखून गेली. येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून ती भिंत दाखवू लागली.

ओव्हरसिअर पंचाक्षरी मात्र हरखणाऱ्यांतले नव्हते. मुळ्यांनी भिंत फुगते, सांदी सिमेंटने भरून घ्यायच्या, हा त्यांचा हेका. चांगुणाने फारच गळ घातली तेव्हा ते म्हणाले होते, “बुधवारी मोठे साहेब सकाळी इथून निघतेत. ते बघून हो म्हणले तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर लगेच काम सुरू.”

आणि आज बुधवार. साडेआठला साहेब भिंतीपाशी आले.

“हीच का फुलांची भिंत?”

“हाव साहेब. जरा ऊन पडू द्या, लई नामी उघडतेत. दहाला बघा तुमी.”

“दहाला मी निलंग्याला असेन, बाई.” साहेब हसले, घड्याळ पाहिलं आणि जीपमध्ये बसले. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पंचाक्षरींनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला आणि ते आत गेले.

नऊला महादेवप्पा मिस्त्रीने घमेल्यात माल कालवला आणि डाव्या टोकापासून सांदी भरायला घेतल्या. चांगुणा त्याच्या थापीबरोबर पावलापावलाने सरकत होती.

“मिस्त्री, हळू भरा.”

“मावशी, हळू भरलं तरी सिमेंटच हाय ते.”

“हाव, पण ऊन येऊन राह्यलंय बघा.”

ऊन खरंच येत होतं. विश्रामगृहाची सावली भिंतीवरून हळूहळू खाली उतरत होती. वरच्या ओळीत एक पिवळं फूल उघडलं. मग शेजारी लाल. मग दोन, मग पाच, मग मोजायची सोयच राहिली नाही.

“उघडलं, मिस्त्री. ते बघा, ते बघा, तिकडंबी.”

महादेवप्पाची थापी हातातच राहिली. नव्या कचेऱ्यांकडे निघालेले दोन कारकून सायकलवरून उतरले. रस्त्याने जाणाऱ्या बाया कुंपणाशी गोळा झाल्या. महादेवप्पाने इकडेतिकडे पाहिलं, माल कालवायला ठेवलेली पाण्याची बादली उचलली आणि ओंजळीओंजळीने सगळं पाणी सांदींत मारून टाकलं.

गलका ऐकून पंचाक्षरी बाहेर आले. “काम का थांबलं?”

“पानी सरलं, साहेब. माल कशात कालवू?”

पंचाक्षरींनी रिकामी बादली पाहिली, ठिबकणारे दगड पाहिले. पाणी कुठे गेलं ते आंधळ्यालाही कळलं असतं. मग ते भिंतीजवळ गेले आणि एका उघडलेल्या फुलावर वाकले.

“उद्या मिळंल का पानी?” त्यांनी हळूच विचारलं.

“उद्याबी न्हाई, साहेब. दुष्काळ हाय.”

“मग काय करणार,” पंचाक्षरी म्हणाले आणि टोपी काढून घाम पुसू लागले.

चांगुणाला आनंद मावेना. भिंत वाचली होती. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली, बायांना रंग दाखवत सुटली, आणि डाव्या टोकाशी येऊन थांबली. तिथली चार हात भिंत राखाडी झाली होती. तिथे ऊन पोचायच्या आत थापी पोचली होती.

“मावशी, तिकडं काय बघून राह्यलात? इकडं या की, काय रंग हाय,” बायांतल्या एकीने हाक मारली.

“येते,” ती म्हणाली. पण ओल्या सिमेंटवर टेकलेला हात तिने उचलला नाही.