चारशे बारा आपलं कोण?

क्लबातले लोक मला सेकंदमास्तर म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, मग तेच पडलं. शाळेत गणित शिकवत होतो तेव्हाच गुडघ्यांनी दगा दिला आणि पळणं सुटलं. तेव्हापासून एकोणीस वर्षं मी प्रत्येक शर्यतीत शेवटच्या रेषेपाशी वही आणि स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. कुणी "साधारण दोन तास लागले" म्हटलं की माझं डोकं फिरतं. साधारण म्हणजे काय? भाजी आणायला गेला होतास का?

आता प्रत्येकाच्या नंबराला मागून चिप चिकटवलेली असते. ती रेषेवरून गेली की वेळ आपोआप लागते, म्हणजे माझ्या वहीची तशी कुणालाच गरज नाही. हे मला सांगायची कुणाची छाती झाली नाही, इतकंच.

आमची पद्धत अशी. शर्यत रविवारी, निकाल सोमवारी संध्याकाळी. पोहण्याच्या तलावामागे कपडे बदलायच्या खोल्यांना लागून आम्हाला एक खोली मिळाली आहे. कायम औषधी पाण्याचा वास, टॉवेल वाळत घातलेले, आणि भिंतीवर फळा. त्या फळ्यावर मी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांची नावं वेळेसकट लावतो. कुणाला गाळायचं नाही. धापा टाकत आला, रडत आला, अर्ध्यात बसला, तरी नाव लागणारच. आणि जो सगळ्यांत शेवटी आला त्याच्या नावापुढं एखादं चांगलं वाक्य लिहायचं. पार्लरवाल्या मावशी एकदा शेवटी आल्या, तेव्हा मी लिहिलं होतं, 'पाणी देणाऱ्या प्रत्येकाच्या घरची चौकशी करून आल्या.' फळ्यावरच्या त्या ओळीचा फोटो त्यांनी आरशाशेजारी लावलाय.

आणखी एक पद्धत होती, ती फळ्यावर नसायची. कुणी नाव नोंदवून आजारी पडला, तर त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा. भरलेली जागा वाया का घालवायची? नियमात हे बसत नाही. मागच्या वर्षी आयोजकांनी आम्हाला पकडलंही होतं, आणि पुन्हा सापडलात तर सगळा क्लब दोन वर्षं बाहेर, असं लेखी कळवलं होतं. ते पत्र मी खणात ठेवलं आणि खण बंद केला.

या वेळी शुक्रवारी टेलरचा पाय मुरगळला. लिफ्टवाल्याचं नाव नोंदवायचं राहिलं होतं, कारण शेवटच्या संध्याकाळी तो सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये अडकलेल्या दोन बायकांना बाहेर काढत होता. दिवसभर लोकांना वर चढवायचा आणि स्वतः मात्र सरावासाठी जिन्यानं पळायचा, असा हा माणूस. एकवीस किलोमीटर एक तास पन्नास मिनिटांच्या आत पळायचे, हा एकच ध्यास त्यानं तीन वर्षं घेतला होता. मीच त्याला म्हटलं, "टेलरचा नंबर घे."

नंबर चारशे बारा.

त्या कागदाच्या मागे घरच्यांचं नाव, फोन, आजार असलं काही लिहायचं असतं. आमचे लोक आळशी, त्यामुळे सगळ्यांचे नंबर शनिवारीच माझ्याकडे येतात आणि मी जाड, न पुसणाऱ्या पेनानं मागचं सगळं भरून ठेवतो. चारशे बाराच्या मागे टेलरच्या बायकोचा फोन होता. रविवारी पहाटे मी म्हटलं, "थांब, हे खोडून तुझ्या घरचा लिहितो." पेन पिशवीत तळाशी गेलं होतं.

"राहू द्या हो मास्तर," तो म्हणाला. "मी काय पडायला चाललोय?"

"बरं. आणि कुणी नाव विचारलं तर टेलरचं सांग. क्लबाचा प्रश्न आहे."

"टेलर तर टेलर. शर्टाची मापं विचारली तर मात्र पंचाईत," म्हणाला, आणि जाकिटाची चेन वर ओढून सुरुवातीच्या गर्दीत घुसला.

त्याची बायको, आमच्या वहिनी, बेकरीच्या काउंटरवर असतात. पहाटेची पाळी संपवून त्या थेट शेवटच्या रेषेपाशी आल्या. बाहीवर पीठ, हातात टॉवेल आणि पाण्याची बाटली. नवऱ्याच्या छातीवर कुठला नंबर आहे हे त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. माझ्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, आज जर एक पन्नासच्या आत आले नाहीत ना, तर महिनाभर घरात लिफ्ट बंद."

एक तास पन्नास मिनिटं झाली. तो आला नाही. वहिनींनी टाचा उंचावून रस्त्याच्या वळणाकडं पाहिलं.

एक तास बावन्न मिनिटं दहा सेकंदांनी कर्ण्यावरून आवाज आला. "नंबर चारशे बाराचे नातेवाईक, नंबर चारशे बाराचे नातेवाईक, कृपया लगेच वैद्यकीय तंबूत यावं."

तंबू आमच्यापासून तीनशे पावलांवर होता, लाल झेंड्यामागे.

वहिनींनी विचारलं, "चारशे बारा आपलं कोण हो?"

आता इथं मला नीट सांगायला हवं, कारण आजवर मी ते नीट सांगितलेलं नाही. मला माहीत होतं. घोषणा ऐकली त्याच क्षणी मला कळलं होतं. पोटऱ्या धरल्या असतील, मीठपाणी देऊन सोडतील, असं वाटलं. वहिनींना घेऊन गेलो तर त्या दारातूनच त्याच्या नावानं हाक मारणार, आणि आयोजकांच्या देखत सगळं उघडं पडणार, असंही वाटलं. आणि ड्रायव्हर अजून यायचा होता. आमचा बसड्रायव्हर पाच वर्षं दोन तास पाच मिनिटांच्या आत यायला धडपडत होता आणि आज येईल असा रंग होता. ती वेळ मी लिहायची नाही, तर कुणी? यातला कुठला विचार आधी आला हे मला आजही सांगता येत नाही. आणि म्हणे सेकंदमास्तर.

मी वहिनींना म्हणालो, "आपलं नाही कुणी."

"कुणाचं तरी बिचाऱ्याचं माणूस," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वळणाकडं बघू लागल्या.

घोषणा आणखी दोनदा झाली. आमच्या क्लबातल्या नर्सबाई पळत रेषेवर आल्या, एक तास सत्तावन्न मिनिटं बावीस सेकंद. मी लिहिलं. मग ड्रायव्हर वळणावर दिसला, तोंड वेडंवाकडं करत, दोन्ही हात वर. दोन तास तीन मिनिटं चाळीस सेकंद. त्यानं मला मिठी मारली, घामानं वही ओली झाली. मग मी वहिनींना "पाणी घेऊन येतो" म्हटलं आणि तंबूकडं गेलो. त्यांच्या हातात भरलेली बाटली होती.

तंबूतली खाट रिकामी होती. एक मुलगी चादर गुंडाळत होती.

"चारशे बारा? आत्ताच नेलं त्यांना, चार मिनिटं झाली. तुम्ही घरचे का? किती वेळ पुकारतोय आम्ही. मागचा फोनही कुणी उचलेना."

टेलरची बायको फोन चार्जिंगला लावून बाजारात गेली होती. टेलर आतल्या खोलीत पाय शेकत पडला होता. हे नंतर कळलं.

"बोलत होता का?" मी विचारलं.

"हो, बोलत होते की. कागदावरचं नाव वाचलं, तुम्हीच ना, विचारलं, तर मान हलवली. पण सारखं एकच चाललं होतं, बाईसाहेब आल्या का, बाईसाहेब आल्या का. आम्हाला वाटलं कुणी ऑफिसर असतील त्यांच्या."

बाईसाहेब म्हणजे वहिनी. घरात, रस्त्यात, बेकरीत गिऱ्हाइकांसमोर, तो त्यांना तसंच म्हणायचा. आणि मान हलवली होती ती माझ्या सांगण्यावरून. छातीत कळा येत असताना त्या शहाण्यानं क्लबाला सांभाळून घेतलं.

मी वहिनींना घेऊन दवाखान्यात पोचलो तेव्हा तो गेला होता. वाटेतच गेला. डॉक्टर म्हणाले, झटका फार मोठा होता, कुणी काही करू शकलं नसतं. ते एक वाक्य सगळ्या क्लबानं धरून ठेवलं. सगळ्यांत घट्ट मी.

नंबराची अदलाबदल लपून राहणार नव्हतीच. आयोजकांनी दोन वर्षं बाहेर काढलं, टेलर माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला, आणि मी सगळ्यांना सांगितलं की गडबडीत यादी पाहिली, चारशे बारापुढं टेलर दिसला, तो घरी आहे म्हणून दुर्लक्ष केलं. लोकांनी विश्वास ठेवला. वहिनींनी तर मलाच धीर दिला. "एवढे नंबर डोक्यात, मास्तर, तुम्ही तरी काय करणार? मी स्वतः ऐकलं ना तीनदा. मलाच कसं कळलं नाही?" रोज रात्री ती घोषणा ऐकू येते, म्हणाल्या. मी त्यांच्या हातचा चहा प्यालो आणि घरी आलो.

तीन सोमवार फळा कोराच राहिला. माझा हातच उठला नाही.

चौथ्या सोमवारी मी खोलीत एकटा असताना वहिनी आल्या. बाकावरचे ओले टॉवेल बाजूला सारून बसल्या.

"नेटवर निकाल बघितला," त्या म्हणाल्या. "टेलरभाऊजींच्या नावावर आहे. वीस किलोमीटरला एक त्रेचाळीस आहे. मग पुढं काही नाही. मास्तर, ह्यांचं नाव कुठंच नाही हो. तीन वर्षं पळत होते त्यासाठी. तुमच्या फळ्यावर तर सगळ्यांची नावं लागतात."

"लावतो," मी म्हणालो.

"वहीत काय लिहिलंय ते बघू द्या ना. तुमच्या अक्षरात."

वही टेबलावर होती. ते पान फाडायचं तीन आठवडे माझ्या मनात होतं. फाडलं नाही, यात काही प्रामाणिकपणा नव्हता. एकोणीस वर्षांत एक पान फाडलं नाही, याचा मला तोरा आहे. म्हटलं तर "तुम्हाला स्वच्छ कागदावर उतरवून देतो" असं म्हणता आलं असतं, आणि त्या हो म्हणाल्या असत्या. पण घोषणा रोज त्यांच्या कानात वाजत होती, आणि कुठं चुकलं ते त्या स्वतःत शोधत होत्या. मला ते सहन होईना. मी वही उघडून पुढं सरकवली.

समासात मी सगळं टिपून ठेवतो. वारा सुटला, पाणी संपलं, कुत्रं आडवं आलं. सवय. वहिनींचं बोट ओळीओळीवरून खाली आलं आणि थांबलं.

१:५२:१० — ४१२ ला पुकारलं (लि.)

"लि. म्हणजे?"

वर पाहायची हिंमत झाली नाही. नळ ठिबकत होता तिकडं बघत राहिलो.

"लि. म्हणजे लिफ्टवाला," त्याच म्हणाल्या. "हे तेव्हाच लिहिलंय?"

"तेव्हाच."

"मी तुमच्या शेजारी उभी होते."

"हो."

"मी विचारलं तुम्हाला."

"हो वहिनी. मला माहीत होतं."

त्या ओरडतील असं मला वाटत होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बोट पुन्हा ओळीवर ठेवलं, जणू ओळ हरवेल.

"ते काही बोलले का तिथं?"

मी तंबूतलं सगळं सांगितलं. काही मागं ठेवलं नाही. बाईसाहेब आल्या का, एवढंच विचारत होता, म्हणालो. वहिनींनी पदर तोंडात धरला. बाहेर पोहणारी मुलं एकमेकांवर पाणी उडवत खिदळत होती. मला त्यांचा भयंकर राग आला.

मग त्यांनी तोंड पुसलं आणि वहीकडं बघत विचारलं, "त्या वेळात कोण कोण आलं?"

"नर्सबाई. आणि ड्रायव्हर."

"ड्रायव्हरभाऊजींची वेळ चांगली लागली?"

"दोन पाचच्या आत. पहिल्यांदाच."

"मग तीही लावा," त्या म्हणाल्या. "सगळं लावा. तुमच्याकडं कुणाला गाळत नाहीत ना?"

त्या उठल्या. दारापाशी मी "वहिनी" म्हणालो, तर मागं न बघता म्हणाल्या, "मला वहिनी म्हणू नका." आणि गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. बेकरीत गेलो तर काउंटर दुसऱ्या मुलीकडं देऊन आत जातात. आता मी जात नाही.

त्याच संध्याकाळी मी निकाल लावला. पहिल्यापासून, रीतसर. लिफ्टवाल्याचं नाव, त्याचं खरं नाव, वीस किलोमीटर, एक तास त्रेचाळीस मिनिटं. नर्सबाई. ड्रायव्हर. मागून आलेले बाकीचे. सगळ्यांत खाली एक नाव मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं. माझं. अंतर तीनशे पावलं. निघायला लागलेला वेळ, अकरा मिनिटं तीस सेकंद.

मंगळवारी सगळ्यांनी वाचलं. ड्रायव्हर बराच वेळ फळ्यासमोर उभा होता. मग त्यानं खडू घेतला, स्वतःची वेळ पुसली आणि हात पँटला पुसत निघून गेला. ती मी पुन्हा लिहिली नाही.

शेवटच्या नावापुढं चांगलं वाक्य लिहायची आमची पद्धत आहे. मी जागा सोडून ठेवली होती आणि खडूही तिथंच ठेवला होता. दोन महिने झाले. जागा तशीच आहे.