पायथ्याचं बाकडं

“आई, तुम्ही इथंच बसा. कुठं हलू नका. आम्ही आलोच.”

नवऱ्याचा तो जुना, घाईचा, खणखणीत आवाज मनात ऐकत मित्सुएने चाकांच्या खुर्चीचा ब्रेक पायाने दाबला आणि खुर्ची बाकड्याला नीट चिकटली आहे ना, हे वाकून पाहिलं. बाकडं नवं होतं. जागा मात्र तीच होती. डावीकडे काठ्या भाड्याने देणारं दुकान, उजवीकडे उदोनच्या, जाड शेवयांच्या पातेल्यांची वाफ आणि समोर कोंपिरादेवाच्या डोंगराची पहिली दगडी पायरी.

“नीट बसलात ना?” तिने विचारलं.

नवऱ्याने, तात्सुओने, मान हलवली. त्याचा डावा हात कुणी दुसऱ्याने आणून ठेवावा तसा त्याच्या मांडीवर पडला होता. दोन हिवाळ्यांपूर्वी झटका आला आणि त्याची डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द पारखून घ्यावा इतकं सावकाश. एके काळी जहाजाच्या कारखान्यात त्याच्या एका हाकेसरशी माणसं धावत यायची.

त्यांची मुलगी चिहारु चार पावलांवर उभी राहून एका कानावर हात दाबून फोनवर बोलत होती. ही सहल तिचीच. बाबा घराबाहेर पडले नाहीत, आई तर त्यांच्यापायी अंगणाच्या पलीकडे गेली नाही, म्हणून तिने महिनाभर खपून सगळं जुळवलं होतं. स्टेशनवर डब्याच्या दाराशी उतरती फळी घेऊन उभा राहणारा माणूस, उतरायच्या जागी आधाराच्या दांड्या लावलेलं न्हाणीघर आणि आज डोंगराच्या मागच्या रस्त्याने देवळाच्या जवळपर्यंत नेणारी, खुर्चीसकट माणूस आत घेणारी गाडी.

“बाबा, यंदा तुम्हाला डोंगरावर नेतेच बघा,” ती म्हणाली होती.

“नेशील. पण परत आणशील ना? पूर्वी म्हाताऱ्यांना डोंगरावर सोडूनच यायचे,” तात्सुओ म्हणाला होता. बापलेक त्यावर खूप हसले होते. मित्सुए तेव्हा त्याच्या पायमोज्यांची घडी घालत होती. तीही हसली होती.

शेजारपाजारच्या बायका म्हणत, नवऱ्याचं करावं तर मित्सुएने. तो झोपून असायचा, तरी त्याच्या पाठीला कधी ओरखडा दिसला नाही, नखं कधी वाढली नाहीत. पहाटे उठून घरातल्या देवापुढे ती ताजं पाणी आणि भाताची मूद ठेवी, हात जोडी, मग त्याच्याकडे वळे. ती चहा पीत नाही, गरम पाणीच घेते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोटाला सोसत नसेल, असं लोक समजत. खरं तर तो तिने सोडला होता. एक मागणं पुरं होऊन त्याचे आभार मानून होईपर्यंत चहा ओठाला लावायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. मागणं पुरं होऊन दोन वर्षं झाली होती. आभार तेवढे राहिले होते.

चिहारु शाळेत होती तेव्हाची गोष्ट. मित्सुएची आई योने हिला घेऊन ते चौघं इथे आले होते. योनेचा नवरा मालवाहू बोटीवर होता. एका वादळात बोट परतली नाही तेव्हा योनेने समुद्रावरच्या माणसांना राखणाऱ्या या कोंपिराला साकडं घातलं होतं, की माणूस घरी येऊ दे, मी तुझ्या दारी येऊन आभार मानीन. माणूस आला. पुढे बरीच वर्षं जगला आणि घरीच अंथरुणावर वारला. पण पोरं, जाळी विणायचं काम, पुन्हा पोरं, यात योनेचं देवाकडे जायचं राहूनच गेलं. सवड झाली तेव्हा गुडघे संपले होते. देवाकडून घेतलं आणि कळवायलाही गेले नाही, हे तिला खात असे. त्या सहलीत तिला कुणी विचारलं नसतं तरी ती आली असती.

त्या काळी या पायथ्याशी पालखीवाले उभे असत. योनेने लाजत लाजत त्यांच्याकडे बोट केलं.

तात्सुओ सगळ्यांदेखत हसला. पालखीत बसून कसली भक्ती, म्हणाला. देवाकडे पायांनी जायचं असतं, तुमचे आभार आम्ही पोचवतो. पालखीवालेही हसले. योनेही हसली, आणि मान खाली घालून बाकड्यावर बसली. तिने मित्सुएची बाही धरून हळूच म्हटलं, “तूच सांग माझ्या वतीनं. म्हणावं, योनेला उशीर झाला, पण ती विसरली नव्हती.”

मित्सुए हो म्हणाली.

वर देवापुढे ती दोनदा वाकली, दोनदा टाळी वाजवून आईचे शब्द आठवू लागली. तेवढ्यात तात्सुओने तिची बाही ओढली. चल, चल, अजून वरचं देऊळ राहिलंय. त्या ओढण्यासरशी तिच्या तोंडून जे निघालं ते आईचं नव्हतं. याचे पाय काढून घे, ती मनात म्हणाली. त्या बाकड्यावर याला बसव. मी परत येऊन तुझे आभार मानीन.

ते खाली उतरले तेव्हा दिवे लागले होते. पाऊस तिरपा येत होता, दुकानाची फळी बंद झाली होती आणि योने जिथे बसवली तिथेच बसली होती. तिला उठवताना मित्सुएच्या हाताला कळलं की ती नुसती पावसाने भिजलेली नाही.

“आत नाही का जायचं? लहान आहात का?” तात्सुओ म्हणाला.

“तुम्हीच म्हणालात ना, हलू नका,” योने म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मग तिने मित्सुएला विचारलं, “सांगितलंस ना?”

मित्सुए पुन्हा हो म्हणाली. त्या हिवाळ्यातून योने उठली नाही.

चिहारु फोन पर्समध्ये टाकत परत आली. तिचा चेहरा उतरला होता.

“आई, गाडीवाले म्हणतायत, सकाळीच कुणीतरी फोन करून गाडी नको म्हणून सांगितलं. बाईचा आवाज होता म्हणे. आपल्याच नावानं.”

मित्सुएने उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांच्याकडे नावांची गडबड झाली असेल, जाऊ दे, बाबा इथं बसतील, असं ती शांतपणे म्हणणार होती. आज पहाटे गाडी नको म्हणून सांगतानाही तिचा आवाज असाच शांत होता. पण तिने तोंड उघडायच्या आत तात्सुओ बोलला.

“मीच... सांगायला लावलं तिला. वळणांवर मळमळतं मला.”

“मग मला आधी सांगायचं ना, बाबा.”

“तू ऐकलं असतंस?”

चिहारुने कपाळाला हात लावला. दुसरी गाडी मिळते का म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून झालं. पानं लाल व्हायच्या दिवसांत गर्दीच एवढी, की संध्याकाळपर्यंत कुणालाच जमत नव्हतं. मग ती म्हणाली, आई एकटीच जाऊ दे, मी थांबते. तात्सुओने ते मोडून काढलं. त्याला आत, दुकानात बसवावं म्हणाली, तर तेही नको म्हणाला.

“दोघी जा. मी काय पळून जातोय थोडाच?”

चिहारुला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. काठ्या घेऊन येते म्हणून ती दुकानात शिरली.

मित्सुए नवऱ्याच्या कोटाची कॉलर सारखी करू लागली. ती मुळात सारखीच होती. त्याच्या मांडीवर घालायची लोकरीची शाल तिने खोलीवरच ठेवली होती, विसरली म्हणून नव्हे.

“झोपला होतात ना तुम्ही?” तिने हलक्या आवाजात विचारलं.

“न्हाणीच्या दाराशी उभी राहून बोलत होतीस. फार गोड बोलत होतीस. तेव्हाच कळलं.” तो दम घ्यायला थांबला. “आईंनाही इथंच बसवलं होतं.”

तिची बोटं कॉलरवरच फिरत राहिली.

“दिवे लागेपर्यंत. तू पण... सावकाश ये.”

इतकी वर्षं तिने हा क्षण मुठीत धरून ठेवला होता. ब्रेक लावायचा, त्याच्यासमोर उभं राहायचं, त्याचेच शब्द त्याला ऐकवायचे आणि त्याच्या चेहऱ्यावर ते उमटताना बघायचं. तो रागावेल, गयावया करेल, निदान कळलं नाही असं दाखवेल, सगळ्याची तिने तयारी केली होती. याची केली नव्हती.

“माझ्या पायांसाठी काही मागू नकोस,” तो म्हणाला. “मागशील तर खोटं मागशील. देवाला कळतं.”

“तुमच्या पायांचं माझं देवाशी केव्हाच बोलणं झालंय.”

हे ती इतक्या हळू म्हणाली, की शेजारून जाणाऱ्याला वाटावं, ती त्याला पाणी हवं का विचारते आहे. तात्सुओने मान वर केली. उदोनच्या दुकानातून कुणीतरी ऑर्डर ओरडून सांगत होतं. त्याचा उजवा हात उठला आणि डाव्या हातावर जाऊन बसला.

“कधी?”

“त्याच दिवशी.”

त्याच्या ओठांचा उजवा कोपरा हलला, डावा जागीच राहिला. त्याच्या डोळ्यांत भीती आली. ती तिला दिसली, आणि क्षणभर तिच्या छातीत काहीतरी गरम, गोड पसरलं. मग भीती ओसरली आणि तो पुन्हा तिच्याकडे बघू लागला, तसाच पारखत.

“मग जायलाच हवं तुला,” तो म्हणाला. “देवानं दिलंय. आभार ठेवू नयेत.”

मित्सुएचे हात कॉलरवरून सुटले. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हापासून हा माणूस तिच्या पुढे चालत आला होता. गर्दीत, गाडीच्या फलाटावर, तिच्या वडिलांच्या अंत्ययात्रेतसुद्धा. ती धापा टाकत पोचायची तेव्हा हा आधीच तिथे उभा असायचा. आता पाय नव्हते, तरी तो पुढे निघून गेला होता. तिने ज्या जागेसाठी चहा सोडला, पहाटे पहाटे हात जोडले, त्याच्या अंगावरचा मळ धुताना जिची आठवण काढून हात हलके ठेवले, त्या जागी हा आधीच येऊन बसला होता, आणि तिलाच सांगत होता, ये, सावकाश ये.

तिला त्याला खुर्चीसकट उलटं करावंसं वाटलं. तिने त्याच्या पायांखालच्या पट्टीवरून घसरलेला बूट सरळ केला.

“कुठं हलू नका,” ती म्हणाली. ठरवलेलं होतं, म्हणून म्हणाली. शब्दांना काही धार राहिली नव्हती.

“नाही हलत.”

चिहारु दोन बांबूच्या काठ्या घेऊन आली. आभाळ खाली उतरलं होतं आणि बारीक भुरभुर सुरू झाली होती. बाबांना दुकानाच्या छपराखाली अजून थोडं आत ओढू या का, असं तिने विचारलं. तात्सुओ नको म्हणाला. मग तिने आपला मफलर काढून त्याच्या गळ्यात गुंडाळला. मित्सुएने ते पाहिलं, आडकाठी केली नाही.

पहिल्या पायरीशी चिहारु म्हणाली, “वर गेल्यावर बाबांचे पाय मागूया ना, आई? दोघींनी मिळून मागितलं तर...”

“तू माग. माझं आधी दुसरं काम आहे.”

“कसलं?”

“आजीचं. तिनं मला सांगितलं होतं, आणि मी सांगितल्याचं तिला कळवूनही टाकलं होतं.”

चिहारुला ते नीट कळलं नाही, पण आईचा चेहरा पाहून तिने पुढे विचारलं नाही. आईला चढायला सोपं जावं म्हणून तिने कोपर पुढे केलं. मित्सुएने ते हलकेच बाजूला सारलं.

“तू हो पुढं. माझ्यासाठी थांबू नकोस.”

तिचे गुडघे अजून चांगले होते. घरच्या जिन्यावर ती दिवसातून कितीदा तरी भरभर चढे-उतरे. पण आता तिने काठी टेकली, उजवा पाय पायरीवर ठेवला आणि डावा पुढच्या पायरीवर न टाकता त्याच पायरीवर आणून ठेवला. मग क्षणभर थांबली. पुन्हा काठी, उजवा पाय, आणि त्याच्या शेजारी डावा. गुडघे गेलेली बाई जशी चढली असती, तशी. मागून येणारी माणसं तिला वळसा घालून पुढे जात होती, एक-दोघांनी वाकून हात देऊ का विचारलं. तिने मान हलवून सगळ्यांना जाऊ दिलं. भुरभुर वाढली होती. ती तशीच, एकेका पायरीवर दोन्ही पाय जुळवत, चढत राहिली.