परळचा रडणारा आंबा

"रडला! आंबा रडला!"

परळच्या त्या बैठ्या चाळीमागे पाय ठेवायला जागा नव्हती. मोहोरानं लगडलेल्या आंब्यावरून बारीक थेंब पडत होते आणि पाळी संपवून आलेले गिरणी कामगार तोंड वर करून ते झेलत होते. थेंब गोड लागत. झाडाखाली दुर्गानं मुळा, मेथी आणि मिरची लावली होती. आता तिथं चपलांचे ठसे उरले होते.

दुर्गाचा नवरा गणपत छप्पनच्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात गेला. महिना उलटायच्या आत हा तुळशीबुवा कुठून तरी उपटला.

"हुतात्मा रडतोय!" तो ओरडला. "गोळी छाती फोडते, आत्म्याला काय करणार? एका थेंबात ताप, दोनात दमा, तिनात कोर्टातली केस! बोला, संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!"

त्याच क्षणी, बुंध्याला पाठ लावून बसलेला बुवाचा चेला दगडू अंगात आल्यासारखा घुमला आणि थेंबांची सर आली.

आत खोलीत दुर्गाची सात वर्षांची चंपा तापानं फणफणली होती. दवाखान्याच्या कॅप्सूल कोनाड्यात तशाच पडून होत्या. विलायती औषध आणि तीर्थ एका पोटात नांदत नाहीत, असं बुवानं बजावलं होतं. सासू सुंदराबाई वाटी घेऊन बसली होती. "बापाशीची आसवां ही. पी गो बाय."

दुर्गानं अडवलं नाही. थेंब पडत होते तोवर गणपत परसात होता. तिला तेवढं हवं होतं.

तापाच्या रोग्यांची चौकशी करत म्युनिसिपालिटीच्या नर्स शांताबाई आल्या. चंपाची जीभ आणि पोट पाहून त्यांचा चेहरा उतरला. "औषध का थांबवलं? विषमज्वर आहे हा, दुर्गा. पोर हातची जाईल."

"ते रडतायत, बाई."

शांताबाई परसात गेल्या. दोरीवरची चादर ओढून त्यांनी मोहोराखाली धरली आणि फांदीवर काठी हाणली. चादरीवर तिळाएवढे शेकडो किडे उड्या मारू लागले.

"तुडतुडे! मोहोराचा रस पितात आणि मागून हे गोड पाणी सोडतात. किड्यांचं मूत पाजताय पोरांना!"

दोघंतिघं पचकन थुंकले. बुवा डगमगला नाही. "बाई सरकारी आहे! गोळ्या कोणी घातल्या? सरकारनंच!" गर्दी क्षणात बाईंवर उलटली. बुवानं दुर्गाकडे बोट केलं. "विधवेलाच विचारा ना. सांग माऊली, कोण रडतंय?"

दुर्गा दारात उभी होती. दरवर्षी मोहोरात हेच पाणी तिच्या भाजीवर पडे. पानं आधी चिकट होत, मग काजळासारखी काळी. निम्मा मुळा फेकावा लागे. झाड तोडा म्हणून ती गणपतच्या मागे लागायची. हे बोलली, तर गणपत परसातूनही जाणार होता.

"गेल्या साली पण पडत होतं," ती म्हणाली. "त्याच्या आदल्या सालीही. तेव्हा ते जिवंत होते. इथंच उभं राहून मला हसत होते, आंबे खाशील तेव्हा बघू म्हणत होते." ती बुवाकडे वळली. "तेव्हा कोण रडत होतं, बुवा?"

कोणीतरी दगडूला बखोटीला धरून बुंध्यापासून ओढलं. सर थांबली. दुसऱ्यानं झाड हलवलं, सर आली.

"अरे, हा हलवतोय!"

मग पळताना बुवानं चपलाही शोधल्या नाहीत.

सुंदराबाईनं ऊर बडवून घेतला. "माझ्या झिलाक तू परत मारलंस गो!" चंपाला खांद्यावर टाकून दुर्गा शांताबाईंच्या मागं इस्पितळाकडे निघाली.

चंपा वाचली. उशीर झाला होता, तापानं तिचे दोन्ही कान नेले. आईनं हाक मारली तरी ती आता वळत नाही.

झाडं रडत नाहीत. रडतात ती माणसं, आणि त्यांच्या रडण्यावर दुकान मांडणारे टपलेलेच असतात. कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे गेल्या वर्षीही होत होतं का? आणि आजाऱ्याचं औषध मात्र कोणाच्याही सांगण्यावरून कोनाड्यात ठेवू नका.