एकशे एकोणचाळीसाव्या पानावरचं बटण

मित्रांनो, मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. एकेकाळी सहाशे बारा पानांची सलग होते. हल्ली तीन तुकड्यांत राहते आणि कोणी विचारलंच, तर प्रकृती बरी आहे म्हणते.

मला लिहायला लेखकाला नऊ वर्षं लागली, आणि ती त्याने वाचकांकडून पुरेपूर वसूल केली. माझ्यात पहिलं प्रेत एकशे सत्तेचाळीसाव्या पानावर येतं. तोवर तळ्याकाठच्या विश्रामगृहात नऊ पाहुणे चहा पितात, एकमेकांच्या तब्येती विचारतात आणि सभ्यपणे खोटं बोलतात. माझ्या मलपृष्ठावर ‘हळूहळू उलगडत जाणारी’ अशी स्तुती छापली आहे. ती ज्या समीक्षकाने केली, त्याच्याच कपाटात मी पहिली अकरा वर्षं काढली. माझी खुणेची फीत शेवटपर्यंत एक्केचाळिसाव्या पानावर होती. पुढे घर आवरताना त्याने मला एका रुग्णालयाला दान केलं. नको असलेली वस्तू देऊन टाकली की तिला दान म्हणतात.

रुग्णालयात मी डायलिसिसच्या खोलीत आले. तिथे माणसं आठवड्यातून तीनदा येतात, आधी वजनकाट्यावर उभी राहतात आणि मग चार तास खाटेवर पडून असतात. एका हातात दोन सुया. त्यांतून रक्त यंत्रात जातं आणि धुऊन परत येतं. तो हात हलवायचा नाही. दिवसाला पाणी किती प्यायचं तेही ठरलेलं. म्हणजे माणसाकडे वेळ भरपूर, पण मोकळा हात एकच. आणि मी पडले पावणेदोन किलोची.

खिडकीजवळच्या खाटेवर निवृत्त गणिताच्या शिक्षिका असत. सगळे त्यांना बाई म्हणत. शेजारच्या खाटेवर एक शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि आयुष्यात कुणालाही न शिकवता हा मान मिळाला याचं त्यांना हसू येई. बाईंनी मला एका हातावर पेलायचा प्रयत्न केला आणि मी त्यांच्या छातीवर आपटले. यंत्र किंचाळलं, सिस्टर धावत आली. मास्तर शांतपणे म्हणाले, “बाई, बाईंडिंग ढिलं करून देतो. माप घेऊ का?”

त्यांनी मला घरी नेऊन ब्लेडने दोन ठिकाणी उसवून तीन तुकडे केले. मला दुखलं, ते सांगत बसत नाही. प्रत्येक तुकडा बटणाच्या जाड दोऱ्याने शिवला आणि वर पँटच्या उरलेल्या काळ्या कापडाची पाठ चढवली. आता मी एका हातात मावत होते. मला समीक्षकाने नावाजलं तेव्हा वाटलं नव्हतं, ते समाधान तेव्हा वाटलं.

बाई भरभर वाचत. पाच आठवड्यांत त्यांनी मला संपवलं आणि खुनी कोण ते त्यांना कळलं. मास्तर ओळीखाली बोट धरून वाचत. एक पान झालं की थोडा वेळ छताकडे बघत, जणू कापड बेतायला घेतलंय. त्यांनी बाईंना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की काही झालं तरी सांगायचं नाही. “आम्ही इथे दुसरी कुठली वाट बघतोय?” असंही वर म्हणाले. बाईंनी शब्द दिला.

एकशे एकोणचाळीसाव्या पानावर मास्तर दोन दिवस अडले. तिथे पाहुण्यांपैकी एक डॉक्टर जिना उतरतो, आणि त्याच्या कोटाचं वरून दुसरं बटण तुटलेलं असतं. मास्तरांनी बाईंना विचारलं, की हे बटण पुढे कुठे सापडतं. बाई म्हणाल्या, वाचा पुढे. चेहरा मात्र त्यांनी खिडकीकडे फिरवला. कारण ते बटण पुढे कुठेच सापडत नाही. लेखकाने ते तोडलं आणि नऊ वर्षांच्या गडबडीत विसरून गेला. खून डॉक्टरने केलेला नाही. कोणी केला ते मी सांगणार नाही. माझा धर्मच तो आहे. पण बाईंना दिसत होतं, की हा माणूस सहाशे पानं तुडवून शेवटी स्वतःची चूक वाचणार आहे.

दुसरा तुकडा संपेपर्यंत मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. आधीपासूनच साखरेने ते पोखरले होते. एक दिवस सुया टोचण्याआधी त्यांनी खिशातून मापाची चिठ्ठी काढली, मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं आणि ती तिसऱ्या तुकड्याच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून शिवून टाकली. दोरा त्यांनी नुसत्या चाचपणीने ओवला. “माझा संशयित आहे यात,” ते म्हणाले. “कच्चा टाका आहे, ओढला की निघेल. शेवटचं पान झाल्यावर काढा.”

मग बाई मोठ्याने वाचू लागल्या. वाचलं की घसा कोरडा पडतो. वाट्याचं पाणी तर मोजून कपभर. त्यामुळे घरी त्या पाण्यावाचून राहत आणि घोट इथल्यासाठी राखत. तरी एका बैठकीत बारा पानांच्या वर जाणं होत नसे.

महिन्याभरात मास्तरांचा रक्तदाब यंत्रावर टिकेना. हृदय थकलंय, असं सिस्टरने बाईंना हळूच सांगितलं. त्या दिवशी बाईंनी पाचशे सत्तराव्या पानावरचं धुक्याचं वर्णन गाळलं. नंतर तळ्याकाठचं फिरणंही गाळलं. मास्तरांचे डोळे मिटलेले होते.

“बाई, इथे टाका सुटला,” ते म्हणाले.

 बाई म्हणाल्या, की सगळं वाचत बसलो तर वेळ पुरणार नाही.

“मला उरकायचं नाहीये हो. ऐकायचंय.”

बाईंनी पान मागे उलटलं आणि धुकं वाचलं. त्या धुक्याला माझ्या सगळ्या वाचकांनी शिव्या घातल्या आहेत. मास्तरांनी मात्र ते सावकाश, मान डोलवत ऐकलं.

सहाशे एकाव्या पानाशी त्यांचा दाब घसरला आणि सिस्टरने यंत्र थांबवलं. अकरा पानं उरली होती. उरलेलं परवा, असं म्हणून त्यांना चाकाच्या खुर्चीतून नेलं.

परवा त्यांच्या खाटेवर नवी चादर होती. बाईंनी विचारलं, “मास्तरांना आज उशीर?”

सिस्टरने चादरीची नसलेली सुरकुती काढली. “हात सरळ ठेवा, बाई,” ती म्हणाली.

बाईंनी ती अकरा पानं वाचली नाहीत. मोकळ्या हाताने त्यांनी मागच्या पुठ्ठ्याचा टाका ओढला. चिठ्ठीच्या एका बाजूला कुणाच्या तरी छातीचं आणि बाहीचं माप होतं. दुसऱ्या बाजूला वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘डॉक्टर. दुसरं बटण. दवाखान्यात पडून डॉक्टरचं नाव घेऊ नये, म्हणून बोललो नाही.’

बाई हसल्या. मग बराच वेळ त्यांना तोंड पुसावं लागलं, आणि एकाच हाताने ते नीट जमत नव्हतं.

तेहतीस वर्षांच्या नोकरीत या बाईंनी कुणाला अर्धा गुण फुकट दिला नव्हता. त्यांच्या पर्समध्ये सवयीने लाल पेन असे. त्यांनी ते काढलं, टोपण दातांनी उघडलं आणि त्या उत्तरापुढे बरोबरची खूण केली. चिठ्ठी परत आत ठेवली.

त्यानंतर एका हिवाळ्यात बाईही यायच्या थांबल्या. मी आता खोलीच्या खिडकीत असते, रबरबँड लावून. पहिल्या तुकड्यावर कपाच्या तळाचं वर्तुळ आहे, मधल्यावर औषधाचा डाग. नवे लोक मला उचलतात, शेवटचं पान आधी बघतात आणि ठेवून देतात.

मित्रांनो, कधी मी हाती लागलेच तर दुसरं काही करू नका, फक्त सावकाश वाचा. धुकं गाळू नका. एकशे एकोणचाळीसाव्या पानावर जरा थांबा; ते बटण तिथे का तुटलंय हे लेखकाला ठाऊक नव्हतं, एका शिंप्याला होतं. आणि मागच्या पुठ्ठ्यातली चिठ्ठी मिळाली तर वाचून जागच्या जागी ठेवा. उत्तर चुकलेलं आहे. खूण खोडू नका.