बदलीचं पुरण

त्या वर्षी दुष्काळ असा पडला होता की चिकलठाण्याला उतरणारं विमान खालचा फुफाटा बघून परत वर जायचं. वैमानिकाला वाटायचं, वाट चुकून वाळवंटात आलो. विमानाचं पटत नसेल तर सोडून द्या, पाणी नव्हतं एवढं तरी धरा. पाणी नसलं म्हणून शहर वाढायचं थोडंच थांबतंय. विमानतळाच्या मागं ज्या माळावर एकेकाळी फकिराच्या मेंढ्या बसायच्या, त्याच माळावर उंच इमारत उभी राहिली. बिल्डरनं तिला 'सरोवर दर्शन' असं नाव दिलं, आणि फकिराच्या शिवमनं तिच्यातच घर घेतलं. सरोवर कुठं दिसतंय ते बघायला फकिरा पहिल्याच दिवशी गच्चीवर गेला. चारी दिशांना टँकर दिसले.

शिवम चितेगावच्या कारखान्यात पाळीवर जायचा. त्याची बायको सत्यशीला इथल्याच एका कंपनीत हिशेबाच्या टेबलावर बसायची. घरात सासरा फकिरा आणि सासू भागूबाई. खाली दुकान एकच, रामेश्वरचं, आणि रामेश्वर निम्मा महिना गावाकडं. त्यात नव्या नळाची पाईप टाकायला समोरचा रस्ता खोदून ठेवलेला. मग सत्यशीला किराणा मोबाईलवरूनच मागवायची. 'झटपट भांडार' म्हणून एक ॲप होतं, त्याच्यावरून.

या झटपटवाल्यांना एक वाईट खोड होती. मागितलेली वस्तू नसली तर नाही म्हणून गप्प बसावं की नाही? तसं नाही. त्याच्या बदली दुसरंच काहीतरी पिशवीत घालून पाठवायचे. बाजरीचं पीठ मागितलं तर ओट्स यायचे. चिंच मागितली तर टोमॅटोचा सॉस यायचा. एकदा तिनं केरसुणी मागवली तर दाढीचा ब्रश आला. केसच आहेत दोन्हीला, असा त्यांच्या मशीननं हिशेब केला असावा. सत्यशीला चिडायची, फोटो काढून तक्रार टाकायची. 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत' असं गोड उत्तर यायचं. ती ते वाचून आणखी चिडायची आणि वस्तू परत द्यायला निघायची. तेवढ्यात सासू दारात आडवी.

"बदली आलेलं दारातून माघारी धाडायचं नाय, बाई," भागूबाई म्हणायची.

त्याला कारण होतं. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या त्यांच्या लोकांत एक रीत होती. एकाची मेंढी दुसऱ्याच्या कळपात मिसळली आणि तिथं तिला लांडग्यानं ओढली, तर कळपवाल्यानं तिच्या बदली आपली एक मेंढी आणून द्यायची. घेणाऱ्यानं दारात तिचे दात बघायचे नाहीत, लोकर चाचपायची नाही. आधी आणणाऱ्याला आणि मेंढीला पाणी पाजायचं, मेंढीच्या कपाळाला हळद लावायची आणि कळपात सोडून द्यायची. लंगडी असली तरी सोडायची. देणाऱ्यानं आपल्या कळपातलं काढून दिलंय, त्याला नाव ठेवायचं नाही. आता मेंढ्या राहिल्या नाहीत. रीत मात्र भागूबाईसोबत लिफ्टनं वर आली होती. ओट्सच्या पाकिटाला हळद लागली, सॉसच्या बाटलीला लागली. दाढीच्या ब्रशाला तर हळदीसोबत कुंकूही लागलं आणि तो तव्याला तेल पुसायला चुलीशी रुजू झाला.

आणि सांगायचं म्हणजे, एकही बदली त्या बाईनं वाया घालवली नाही. ओट्सच्या भाकरी तिनं हातावर थापल्या. सॉस घालून असलं झणझणीत पिठलं केलं की फकिरानं वाटी चाटून ठेवली. सत्यशीला तक्रार लिहीत बसलेली असायची आणि आतून फोडणीचा वास यायचा. निम्म्या तक्रारी त्या वासानंच अर्ध्यावर राहिल्या.

पण एक दिवस असा आला की सत्यशीलाला बदली परवडणारी नव्हती. तिची आई जेवायला येणार होती.

आई म्हणजे मुक्ताबाई, गारखेड्याची. ते लोक शहरात आधी आलेले, त्यामुळं जिभेला शहराची धार आणि गावाचा दांडा. शिवम-सत्यशीलाचं लग्न खुलताबादेकडं फकिराच्या गावी झालं होतं. तेही असंच कोरडं साल. ऐन पंगतीत टँकर आला नाही, आणि नेमका नवरीच्या भावाला, त्रिंबकला, बुंदीच्या लाडवानं ठसका लागला. अख्ख्या मांडवात घोटभर पाणी सापडेना. शेवटी कुणीतरी देवाच्या कलशावरचा नारळ बाजूला करून कलशातलं पाणी त्याला पाजलं. त्रिंबक वाचला, भागूबाईचं नाव मात्र गेलं. तेव्हापासून कुठल्याही बारशा-लग्नात मुक्ताबाई बिनपाण्याच्या पंगतीची गोष्ट सांगायची, आणि दर खेपेला त्रिंबक थोडा जास्त निळा पडायचा. भागूबाई ऐकून घ्यायची. नव्या घरात एकदा इहीणबाईंना पोटभर जेवू घालायचं आणि हा डाग धुवायचा, एवढीच तिची इच्छा होती. सत्यशीलालाही तेच हवं होतं. आईच्या तोंडून सासूचा पाणउतारा ऐकताना तिची मान खाली जायची, आणि दोन्हीकडं बोलायची चोरी.

आदल्या दिवशी मुक्ताबाईचा फोन आला. तिनं विचारलं, "इहीणबाई, येते मी जेवायला. पाणी आमचं आम्ही आणू का?"

भागूबाई म्हणाली, या तर खरं. आणि फोन ठेवून बराच वेळ पदराशी चाळा करत बसली.

बेत पुरणपोळीचा, कटाच्या आमटीचा. सत्यशीलानं हरभऱ्याची डाळ, गूळ, साजूक तूप, वेलदोडा, तांदूळ, दूध, कणीक असं सगळं मागवलं, आणि या खेपेला सावध राहून 'विचारल्याशिवाय बदली देऊ नये' असं बटण दाबून ठेवलं. सकाळी ती टँकरची चौकशी करायला खाली गेली आणि मोबाईल ओट्यावरच राहिला. झटपटवाल्यांच्या गोदामातून फोन आला तो भागूबाईनं घेतला. पलीकडची पोरगी अदबीनं म्हणाली, मावशी, डाळ संपलीय, बदली चालेल का? भागूबाईनं आधी तिचं नाव विचारलं. सुकेशनी. माहेर कुठलं विचारलं, जेवलीस का विचारलं. मग म्हणाली, "तुझ्या कळपात असंल ते दे, माय. मी नाय म्हणायची नाही."

सुकेशनीला इतक्या मायेनं गोदामात कुणी बोललं नव्हतं. तिनं मनापासून दिलं.

सत्यशीला वर आली ती रडवेलीच. टँकर आला होता, पण नव्या नळासाठी खोदलेल्या चरात त्याचं चाक रुतलं होतं. पाण्याच्या पाईपनं पाण्याचा टँकर धरून ठेवला होता. घरात एक माठ पाणी आणि अर्धी बादली. डाळ शिजवायची, कणीक भिजवायची, आमटी करायची, भात लावायचा, आणि वर पंगतीला प्यायला. तिनं मनातल्या मनात सगळं वाटून बघितलं. कसंही वाटलं तरी प्यायच्या तांब्यापाशी पाणी संपत होतं.

तेवढ्यात सामान आलं. आणणारा भला थोराड गडी, घामानं निथळलेला. भागूबाईनं माठातला तांब्या भरला आणि त्याच्या हातात दिला. तो घटाघटा प्यायला. सत्यशीलाला प्रत्येक घोट आपल्या नरड्यातून काढून घेतल्यासारखा वाटला. गडी गेल्यावर तिनं पिशवी उपडी केली आणि खालीच बसली.

डाळीच्या बदली सोललेले फुटाणे होते. गुळाच्या बदली खजूर. साजूक तुपाच्या बदली शेंगदाण्याचं लोणी, बरणीतलं, घट्ट. तांदळाच्या बदली पोहे. दुधाच्या बदली ताकाच्या पिशव्याच पिशव्या. आणि वेलदोड्याच्या बदली वेलदोड्याच्या वासाची उदबत्ती. मागितल्याप्रमाणं एक कणीकच तेवढी आली होती. तीही चुकूनच आली असणार.

"आत्या, आता काय करायचं?" सत्यशीला म्हणाली. "आई दोन तासांत येईल. मी हे सगळं परत देते आणि आपण तिला सांगू, माझी तब्येत बरी नाही."

भागूबाई एकेक पाकीट हातात घेऊन हळद लावत होती. उदबत्तीपाशी थोडी थांबली, पण तिलाही लावली. मग माठाकडं बघितलं, पोह्यांकडं बघितलं, ताकाच्या पिशव्यांकडं बघितलं. आणि सत्यशीलानं त्या चेहऱ्यावर हसू उगवताना पाहिलं, मेंढराला हिरवा पाला दिसल्यावर येतं तसं.

"शीले," ती म्हणाली, "ह्यातलं कशाला पाणी लागतंय ते सांग मला."

सत्यशीलानं बघितलं. फुटाण्यांना नाही, ते भाजलेलेच होते. खजूर शिजवायचा नव्हता. पोहे ताकात भिजणार होते, कणीक ताकात मळता येणार होती. हिशेबाच्या टेबलावर बसणारी ती. तिनं मघाशी ताळेबंद मांडला तो सगळा मागितलेल्या सामानाचा होता. आलेल्या सामानाचा तिनं मांडलाच नव्हता.

मग त्या स्वयंपाकघरात जे झालं ते बघण्यासारखं होतं. भागूबाईनं फुटाणे मिक्सरला असे फिरवले की त्यांचं रेशीम झालं. खजुराच्या बिया काढून तो कढईत परतला, त्यात बरणीतलं लोणी सोडलं. गरम झाल्यावर त्याचा असा वास सुटला की अख्ख्या मजल्यावरची दारं किलकिली झाली. वरून फुटाण्याचं पीठ घातलं आणि उलथनं उभं करून बघितलं. उभं राहिलं. पुरण जमलं. कणीक ताकात मळली, पोळ्या कापसासारख्या झाल्या. दाढीच्या ब्रशानं तवा चमकला. उरलेलं फुटाण्याचं पीठ ताकाला लावून आल्या-मिरचीची कढी झाली, पोह्यांना मोहरीची फोडणी बसली. फकिराला तिनं काम दिलं एकच: पानं मांडली की देवापाशी उदबत्त्या लावायच्या, आणि विझू द्यायच्या नाहीत. या सगळ्या धांदलीत माठाच्या तोंडावरची वाटी एकदासुद्धा हलली नाही.

मुक्ताबाई आली. मागं त्रिंबक, त्याच्या खांद्यावर वीस लिटरचा पाण्याचा कॅन. मुक्ताबाईनं तो बैठकीत सगळ्यांना दिसेल असा ठेवायला लावला. भागूबाईनं कॅनकडं बघितलंच नाही. या, बसा, दमला असाल, एवढं म्हणाली आणि पानं वाढली.

मुक्ताबाईनं पहिला घास घेतला. चावता चावता थांबली. परत घेतला. नाव ठेवायला तोंड उघडायची तिला सवय होती, पण तोंड घासाच्या ताब्यात होतं. शेवटी म्हणाली, वेलदोडा मात्र सढळ हातानं घातलाय हो. फकिरानं गपचूप आणखी एक उदबत्ती लावली.

दुसरी पोळी झाली. तिसरी वाढताना त्रिंबकनं घाई केली. शेंगदाण्याच्या लोण्यातलं पुरण ते, टाळूला चिकटलं, आणि त्याला ठसका लागला. तसाच, लग्नातल्यासारखा. डोळे पांढरे, मान ताठ. मुक्ताबाईचा हात आपसूक कॅनकडं गेला.

पण कॅनला सील होतं. ते निघेपर्यंत भागूबाईचा तांब्या त्रिंबकच्या ओठांना लागला होता. तो संपला, दुसरा आला. दुसरा संपला, तिसरा आला. त्यानं हातानं पुरे केलं तरी ती चौथा भरून त्याच्या पानाशी ठेवून गेली, आणि मग प्रत्येकाच्या पानाशी एकेक. शिगोशीग. माठातून पाणी काढल्याचा आवाज तेवढा येत होता, आणि सत्यशीलाला वाटलं, सगळ्या लग्नांतून आईनं सांगितलेली गोष्ट या आवाजात बुडत चाललीय.

मुक्ताबाईनं कॅनकडं बघितलं. मग पाय लांब केला आणि तो हळूच सोफ्याच्या मागं सारला.

"इहीणबाई," ती म्हणाली, "ह्या पुरणात काय काय घातलंय?"

"जे दारात आलं ते," भागूबाई म्हणाली. "अजून एक घ्या."

मुक्ताबाईनं घेतली. त्यानंतरच्या बारशा-लग्नांत ती गोष्ट सांगते, पण वेगळी. भर दुष्काळात, टँकर खड्ड्यात असताना, आमच्या इहिणीनं माझ्या त्रिंबकला चार तांबे पाणी पाजलं म्हणून सांगते. मागच्या दिवाळीपर्यंत त्या चारांचे नऊ झाले होते, आणि फकिरा म्हणतो, पाऊस असाच लांबला तर विहीर व्हायला वेळ लागणार नाही.

राहता राहिला तो कॅन. तो मुक्ताबाईनं तिथंच सोडला, आणि ती गेल्यावर भागूबाईनं त्याला हळद लावली.

मुक्ताबाईनं मात्र जाता जाता बदलीची सगळी हकीकत लेकीकडून काढून घेतली, आणि घरी गेल्या गेल्या सुनेकडून झटपटवाल्यांचं भांडार मोबाईलवर घालून घेतलं. तिनं अगदी सत्यशीलानं मागवलं होतं तेच मागवलं: डाळ, गूळ, तूप, वेलदोडा, तांदूळ, दूध, कणीक. बदलीचं बटण सताड उघडं ठेवलं आणि वाट बघत बसली. पिशवी आली. उघडून बघते तर आत डाळ, गूळ, तूप, वेलदोडा, तांदूळ, दूध, कणीक.

तिनं तिथल्या तिथं लेकीला फोन लावला. "शीले," ती म्हणाली, "तक्रार कुठं टाकायची असते गं? मेल्यांनी मागितलं तेच पाठवलंय."