पन्नासला नऊ कमी

मी एक गाडी बोलते आहे. दोन दारं, दोन सीट, लांब नाक आणि स्टिअरिंग डाव्या हाताला. सिकंदराबादेत, राणीगंजच्या एका गॅरेजमध्ये मागच्या भिंतीला लागून उभी आहे. माझं इंजिन माझ्यापुढे चार हातांवर लोखंडी स्टँडवर बसवलेलं आहे. तेव्हा हे बॉडी बोलते आहे की इंजिन, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही मीच आहे असं समजा आणि ऐका.

मी १९८५ सालची. समुद्रापलीकडच्या कारखान्यात मला वेगासाठी बनवलं. वळणावर रस्ता सोडायचा नाही आणि मोकळ्या रस्त्यावर मागे राहायचं नाही, एवढंच माझ्याकडून मागितलं होतं. ते मी केलं.

माझे पहिले मालक मुनीरसाहेब. हैदराबादचेच, मेहदीपट्टणमचे. जेद्दाहला नोकरीला होते. तिथे त्यांनी मला घेतलं आणि वर्षभरानं परत येताना बोटीनं सोबत आणलं. इथे सगळ्यांचं स्टिअरिंग उजवीकडे, माझं डावीकडे. चौकात पोलीस उजव्या खिडकीशी यायचा आणि बेगमसाहेबांकडे लायसन्स मागायचा. त्या पानाचा डबा पुढे करायच्या. मुनीरसाहेब समोर बघत बसायचे. हसायचे नाहीत.

माणसं मला बघून थांबत. बॉनेटवरून हात फिरवत. पोरं माझ्या लाल रंगात आपलं तोंड बघत. मग कोणीतरी विचारायचंच, ॲव्हरेज किती देते? नऊ, असं मुनीरसाहेब सांगायचे. लिटरला नऊ किलोमीटर. हात लगेच बॉनेटवरून उचलला जायचा. एक्केचाळीस वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो मला हॉर्नसारखा वाटतो. वळणावर कशी जाते, हे फारसं कोणी विचारलं नाही.

दुरुस्तीला मुनीरसाहेब मला एकाच माणसाकडे आणायचे. हिम्मतराव. हे गॅरेज त्यांचंच.

हिम्मतराव मूळचे बिदरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. चौथीत असताना शाळेत इन्स्पेक्टर यायचा होता. निकाल पुरा दिसावा म्हणून मास्तरांनी तीन कच्च्या मुलांची नावं पटावरून काढून टाकली. त्यातलं एक हिम्मतरावांचं. इन्स्पेक्टरनं शाळेला शाबासकी दिली. हिम्मतराव पुन्हा शाळेकडे गेले नाहीत. लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपात मामा होता, त्याच्याकडे आले. तिथे पाना हातात घेतला तो अजून सोडलेला नाही. ही गोष्ट त्यांनी माझ्या बॉनेटखाली डोकं घालून एकदाच सांगितली. समोर त्यांची नात होती, अपर्णा. तेव्हा ती सात वर्षांची होती.

त्यांच्याकडे हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर आहे. टोक इंजिनला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. चारपैकी कोणतं सिलिंडर कुरकुरतंय ते त्यांना तसं कळतं. मीटर नाही, कागद नाही. बाकीचे मेकॅनिक त्यांना डॉक्टरसाब म्हणून चिडवायचे. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वेळी त्यांचीच अडलेली गाडी दुरुस्त करून द्यायचे.

मुनीरसाहेब म्हातारे झाले तेव्हा मुलाकडे अमेरिकेला निघाले. जाण्याआधी मला इथे आणून उभं केलं आणि किल्ली हिम्मतरावांच्या हातात दिली. म्हणाले, "हिम्मतराव, इसकी बात तुमीच सुनते. रख लो." चहा झाला. मुनीरसाहेब ऑटोनं गेले.

तेव्हापासून मी हिम्मतरावांची. दर रविवारी सकाळी ते मला चिक्कडपल्लीच्या घरी नेत, अपर्णाला शेजारी बसवत आणि हुसेनसागरला एक फेरी मारत. दसऱ्याला माझ्या चाकांखाली लिंबं ठेवत, बॉनेटवर आपट्याची पानं. शेजारचे तेलुगू लोक जम्मीची, म्हणजे शमीची, पानं आणून ठेवायचे, तीही चालायची. दहा वर्षांची झाल्यावर अपर्णा तो स्क्रूड्रायव्हर कानाला लावायला शिकली. बारा वर्षांची असताना तिनं दुसऱ्या सिलिंडरचा सैल टॅपेट नुसत्या आवाजावरून बरोबर ओळखला. हिम्मतराव हौ म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. त्यांच्याकडून एवढं कौतुक मी दुसऱ्या कोणाचं झालेलं ऐकलं नाही.

अपर्णा पुढे इंजिनिअर झाली. आता गच्चीबावलीला एका मोठ्या ऑफिसात आहे. तिचं काम काय, ते तिनं एकदा माझ्या मडगार्डला टेकून आजोबांना समजावलं. सरकार आता एकेका गाडीकडे बघत नाही. एखादी कंपनी वर्षभरात जेवढ्या गाड्या विकते, त्या सगळ्यांचं मिळून सरासरी किती पेट्रोल जळतं ते बघतं. ते ठरल्यापेक्षा जास्त निघालं तर कंपनीला दंड. माझ्यासारखी एक गाडी विकली की सगळ्यांची सरासरी बिघडते. म्हणून कंपन्या एक तर बॅटरीच्या चार गाड्या करून ती भरून काढतात, नाही तर माझ्यासारखी करतच नाहीत. मला बनवणाऱ्या कंपनीनंही आता असं इंजिन बंद करायचं ठरवलं होतं. अपर्णाची टीम हीच बेरीज करून देते.

हिम्मतरावांनी हात पुसले. "म्हणजे वर्गाचा निकाल चांगला दिसावा म्हणून पटावरून नाव काढायचं."

अपर्णा म्हणाली, "आबा, धूर खरा आहे. या शहरात राहतोय ना आपण?"

धूर खरा आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. साठ वर्षं तो त्यांनीच ओढला आहे.

आता मुख्य गोष्ट सांगते. आपल्या देशात गाडी पन्नास वर्षांची झाली की तिला व्हिंटेज म्हणतात. तिला वेगळा नंबर मिळतो, वेगळे नियम लागतात. ती रोज चालवता येत नाही, पण ती काय खाते हेही कोणी विचारत नाही. मला एक्केचाळीस झाली. नऊ कमी. तोवर दर पाच वर्षांनी माझी तपासणी व्हायची आणि कागद नवा व्हायचा. यंदा ती पाळी होती. आणि हिम्मतरावांना पंचाहत्तर झाली. त्यांच्या मनातली गाठ होती ती ही. नऊ वर्षं मला कोण सांभाळणार? त्यांना एकच नाव सुचत होतं.

तपासणीच्या आदल्या रविवारी त्यांनी अपर्णाला विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलंच, की माझ्यामागं ही तू ठेव.

"आबा, मी दिवसभर धूर ग्रॅमग्रॅम मोजते आणि संध्याकाळी नऊवाली गाडी घेऊन घरी जाऊ?"

"ऑफिसला नक्को नेऊ. रविवारी चालव."

"नऊ देते, नऊ वर्षं सांभाळायची. सगळं नऊच आहे हिचं." ती हसली. मग म्हणाली, "तेरा-चौदा तरी देत असती ना, तर विचार केला असता."

ती सहज बोलली. हिम्मतरावांनी ते धरून ठेवलं.

कार्ब्युरेटरच्या गाडीची धुराची तपासणी असली की जुने मेकॅनिक एक काम करतात. स्क्रू फिरवून पेट्रोल कमी करतात. मिश्रण हलकं होतं, धुराचा आकडा खाली येतो, गाडी पास होते. गॅरेजमध्ये परत आली की स्क्रू पहिल्या जागी आणायचे. तोवर गाडी जोरात पळवायची नाही, कारण पेट्रोल कमी पडलं की आत आग वाढते. माझ्या कार्ब्युरेटरची घडण अशी की स्क्रू फिरवला की सगळ्याच वेगांना पेट्रोल कमी पडतं. शिवाय हल्ली पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, त्यानंही मिश्रण हलकंच होतं. हे सगळं हिम्मतरावांनी राणीगंजमधल्या निदान वीस माणसांना शिकवलेलं आहे. विसरणाऱ्याला ते शिव्या देत.

सोमवारी सकाळी त्यांनी माझे दोन्ही स्क्रू फिरवले. नेहमीपेक्षा अर्धा फेरा जास्त. मी पास झाले. पाच वर्षांचा कागद मिळाला.

अपर्णानं त्या दिवशी रजा घेतली होती. तपासणीहून निघताना हिम्मतराव तिला म्हणाले, चल, आज ही किती देते ते तूच बघ. आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला. पंपावर टाकी काठोकाठ भरली. आम्ही शामीरपेटला गेलो, पुढे मेडचलकडून फिरून आलो, सगळं संथ. साठ किलोमीटर झाल्यावर दुसऱ्या पंपावर पुन्हा काठोकाठ भरली. अपर्णानं मोबाइलवर भागाकार केला आणि मान वर केली.

"तेरा पॉइंट चार. आबा, काय केलंत हिला?"

"काय बी नाही. नीट चालवली."

ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर दारावरून हात फिरवला आणि तो लगेच उचलला नाही. हिम्मतरावांनी ते बघितलं.

स्क्रू तिथेच परत फिरवायला हवे होते. दोन मिनिटांचं काम. पण त्यासाठी अपर्णासमोर बॉनेट उघडावं लागलं असतं आणि तिला कळलं असतं. त्यांनी बॉनेट उघडलं नाही.

परतताना आम्ही आउटर रिंग रोडला लागलो. रस्ता मोकळा होता. अपर्णा म्हणाली, आबा, लहानपणी न्यायचात तशी न्या एकदा. त्यांनी पाय दाबला. शंभरला मी दहा-बारा मिनिटं होते. आतून तापत होते. सांगायला माझ्याकडे आवाज होता आणि मी तो केला. बारीक, कोरडा, टिचकीसारखा. तो आवाज हिम्मतरावांनी ऐकला नसेल असं मी म्हणणार नाही.

घटकेसरच्या अलीकडे तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडलं. फार मोठा आवाज झाला नाही. निळा धूर, मग झटके. त्यांनी क्लच दाबून मला कडेला घेतलं. दोघं आत बसून राहिले. ट्रक गेला की मी हलत होते.

संध्याकाळी टो करून मला इथे आणलं. अपर्णानं बाह्या वर केल्या आणि एकेक प्लग काढला. प्लगची टोकं पांढरी होती, खडूसारखी, पेट्रोल कमी पडलं की होतात तशी. ते चारही प्लग तिनं वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवले आणि बराच वेळ बघितले. नंतर म्हणाली, "स्क्रू परत फिरवले नव्हते, आबा."

"नाही."

"माझ्यासाठी?"

हिम्मतरावांनी लांब स्क्रूड्रायव्हर खिळ्याला अडकवला. त्या दिवसापासून तो तिथेच आहे.

कागदावर मी आणखी पाच वर्षं धडधाकट आहे. आत भोक. दुसऱ्या दिवशी त्यांनी साखळी लावून माझं इंजिन उतरवलं. बॉनेटखाली जिथे मी होते तिथे आता कागदाचे गोळे आणि एक मांजर असते. मला दुखत नाही. लोक येतात, बघतात. आता किती देते असंही कोणी विचारत नाही. इंजिन नसलेल्या गाडीला काय विचारणार?

माझ्या मापाचे पिस्टन कंपनी आता बनवत नाही. कोइमतूरला करून मिळतात, माप कळवावं लागतं. हिम्मतरावांनी दोन महिने माप घेतलं नाही.

मागच्या रविवारी अपर्णा एक अर्ज घेऊन आली. तिनं एक जागा शोधली होती जिथे जुन्या गाड्यांना बॅटरी आणि मोटर बसवतात. बॉडी हीच राहील, रंग हाच राहील, धूर नाही, आवाज नाही. मग ती मला ठेवायला तयार होती, नऊच काय, कितीही वर्षं. तिनं मनापासून सांगितलं, मी ऐकत होते. फक्त इंजिनाचा नंबर कागदावरून रद्द करायचा आणि मालकाची सही हवी.

अर्ज इंग्रजीत होता. हिम्मतरावांनी विचारलं, रद्द असं कुठे लिहिलंय? तिनं बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून त्या जागेकडे बघितलं. त्यांना तो शब्द वाचता येत नव्हता, पण ते बघत राहिले.

"पटावरून नाव मी काढणार नाही. मी गेल्यावर गाडी तुझी. तेव्हा काय करायचं ते कर. माझ्या हातून नाही."

"आबा, तुमची चूक झाली म्हणून तुम्ही हिला अशीच..."

"चूक माझी. तिची नाही."

अपर्णा स्टुलावर बसली. चहा आला, तो निवला. हिम्मतरावांनी उठून इंजिनावरचं फडकं काढलं.

"तिसऱ्याचं माप घे," ते म्हणाले. "माझा हात कापतो."

तिनं मापाचं हत्यार आणलं. वर, मध्ये, खाली, असं तीनदा लावलं. आकडे लिहायला काही सापडेना, तेव्हा तिनं तोच अर्ज उलटा केला आणि मागे लिहिले. मग पाना घेऊन इंजिनाच्या पुढचा माझा मोठा नट धरला. आतल्या भिंतीला गंज धरू नये म्हणून बंद इंजिन असं मधून मधून हातानं फिरवतात. हिम्मतराव म्हणाले, अर्धाच फेरा. तिनं अर्धा फेरा दिला. मला काही वाटलं नाही. फिरले मात्र.

जाताना तिनं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. एका बाजूला माझं नाव काढायचा अर्ज, दुसऱ्या बाजूला माझ्या तिसऱ्या सिलिंडरचं माप. कोणती बाजू वापरणार ते ती बोलली नाही. हिम्मतरावांनीही विचारलं नाही.

राणीगंजला कधी आलात तर मला बघून जा. मागच्या भिंतीला आहे. मांजराला उठवू नका. आणि विचारायचंच असेल तर वळणावर कशी जात होते ते हिम्मतरावांना विचारा. ते सांगतील.